माशांच्या तेलाची बाटली घेण्यापूर्वी

(संस्थेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत दवाखाना-समितीच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या निमित्ताने आपल्यातील एका उदार कुटुंबाने संस्थेपुढे अशी इच्छा व्यक्त केली की, साठी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदास वर्षभर पुरतील इतक्या माशांच्या तेलाच्या कॅप्सूल संस्थेतर्फे विनामूल्य द्याव्यात. खर्च ते कुटुंब सोसील. विश्वस्तांनी हा प्रस्ताव दवाखाना-समितीकडे धाडला आणि 'कोणती बाटली घ्यावी तेवढे सांगा' असे विचारले. प्रश्न एका ओळीचा होता. उत्तर मात्र एका ओळीत मावेना, म्हणून आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत. बेळगावातल्या आपल्या निम्म्या घरांत तरी ही बाटली आज कपाटात आहे, असे दवाखान्यात येणाऱ्या मंडळींच्या बोलण्यावरून दिसते. कोणी औषधाच्या दुकानातून आणतो, कोणी मोबाईलवर मागवितो, आणि कोणाचा मुलगा अमेरिकेहून येताना तीनशे कॅप्सूलची बरणीच घेऊन येतो. तेव्हा हा विषय केवळ देणगीपुरता नाही.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना माशाचे तेल म्हटले की लहानपणी नाक दाबून घशात ओतलेला तो चमचा आठवतो. किंवा पाठीवर भला मोठा मासा घेतलेल्या कोळ्याचे चित्र असलेली इमल्शनची बाटली आठवते. ते तेल कॉड माशाच्या यकृताचे. त्याचा गुण अ आणि ड जीवनसत्त्वांत होता, आणि तो खरा गुण होता. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ पासूनच्या चार-पाच वर्षांत, मुडदूस ह्या तेलाने बरा होतो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आणि त्यातूनच ड जीवनसत्त्वाचा शोध लागला. पुढे १९४० च्या एप्रिलात जर्मनीने नॉर्वे व्यापला आणि कॉडचे तेल हिंदुस्थानात येईनासे झाले, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर मुशी-मोरीच्या यकृताचे तेल काढण्याचा उद्योग उभा राहिला. तेही जीवनसत्त्वांसाठीच.

आज 'फिश ऑईल' म्हणून ज्या कॅप्सूल विकल्या जातात त्यांतले तेल यकृताचे नसून माशाच्या अंगाचे असते. बहुधा ते पेरू देशाच्या समुद्रातील अँकोव्ही नावाच्या बोटभर लांबीच्या माशांचे असते. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे नाममात्र असतात. ते विकले जाते ते ओमेगा-३ जातीच्या दोन मेदाम्लांसाठी. त्यांची लांबलचक नावे आपण सोडून देऊ. बाटलीवर ती ईपीए आणि डीएचए अशा इंग्रजी आद्याक्षरांनी लिहिलेली असतात.

हा भेद पुस्तकी नव्हे. कॉडच्या साध्या तेलाच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे साडेचार हजार एकक अ जीवनसत्त्व असते, आणि मोठ्या माणसाने दिवसाला दहा हजार एककांच्या वर नियमितपणे जाऊ नये असे मानले जाते. आता कोणी ओमेगा-३ भरपूर मिळावे म्हणून यकृताचे तेल तीन चमचे घेऊ लागला आणि त्यावर रोजची जीवनसत्त्वांची गोळीही चालू ठेवली, तर मर्यादा केव्हा ओलांडली हे त्याला कळतही नाही. गरोदर स्त्रीने तर यकृताच्या तेलापासून दूरच राहावे. अतिरिक्त अ जीवनसत्त्वाने गर्भाला इजा होते. म्हणून बाटली हातात घेतल्यावर पहिली गोष्ट पाहावयाची ती ही की, नावात 'लिव्हर' हा शब्द आहे की नाही.

आता तेलाच्या कीर्तीकडे येऊ. बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक १९७० साली ग्रीनलंडला गेले. तिथले लोक सील आणि मासे ह्यांवर जगतात, पोटात चरबी पुष्कळ जाते आणि तरी हृदयविकार कमी, असे बोलले जात होते. त्याचे कारण त्यांना हवे होते. त्यांना तिथल्या लोकांच्या रक्तात ही मेदाम्ले विपुल आढळली. तेथून माशाच्या तेलाचा बोलबाला सुरू झाला. १९९९ साली इटलीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ११,३२४ रोग्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि रोज सुमारे एक ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाल्याचे दिसले. कॅप्सूलचा व्यापार वाढला तो त्या बळावर.

परंतु पुढचे निकाल तितकेसे अनुकूल नाहीत आणि ते दुकानदार सांगत नाही. २०१८ साली अमेरिकेतील २५,८७१ निरोगी मध्यमवयीन व वृद्ध माणसांवरील पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या प्रयोगाचा निकाल आला. रोज एक कॅप्सूल घेऊनही हृदयविकार, पक्षाघात किंवा कर्करोग ह्यांत ठरविलेल्या कसोटीवर फरक पडला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधील १५,४८० मधुमेही लोकांवरील प्रयोगाचाही निकाल तसाच लागला. जे फारच कमी मासे खातात त्यांना थोडा फायदा झाला असावा, असे अमेरिकन प्रयोगाच्या पोटहिशेबात दिसते. पण पोटहिशेबावर आपण घरखर्चसुद्धा चालवीत नाही.

ज्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराईड नावाची चरबी वाढलेली आहे त्यांची गोष्ट वेगळी. दिवसाला दोन ते चार ग्रॅम ओमेगा-३ घेतल्याने ही चरबी उतरते, ह्याविषयी दुमत नाही. हृदयाचे काय, ह्याविषयी मात्र आहे. २०१८ साली ८,१७९ रोग्यांना शुद्ध ईपीएचे चार ग्रॅम देऊन हृदयविकाराच्या घटना चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. २०२० साली १३,०७८ रोग्यांना ईपीए व डीएचए मिळून चार ग्रॅम दिले, तर काहीच लाभ आढळला नाही. पहिल्या प्रयोगात दुसऱ्या गटाला जे खनिज तेल दिले त्यानेच त्या गटाचे थोडे नुकसान झाले असेल, असा आक्षेप घेतला जातो. वाद चालू आहे. आपल्यापुरता अर्थ एवढाच की, चार ग्रॅम हे औषध आहे. ते डॉक्टरने लिहून द्यावे, शेजाऱ्याने नव्हे.

आणि त्याला औषधासारखी दुसरी बाजूही आहे. ह्या मोठ्या प्रयोगांत ओमेगा-३ घेणाऱ्यांपैकी काहींत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा विकार, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, अधिक आढळला. मात्रा वाढेल तसा तो वाढतो. २०२३ साली युरोपच्या औषध-नियंत्रकांनी ह्या औषधांच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालावयास लावला. आपल्या सभासदांत ठोक्यांचा विकार असलेली, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना न विचारता, न तपासता, महोत्सवाची भेट म्हणून बाटल्या वाटणे आमच्या समितीला योग्य वाटत नाही. देणगीदार कुटुंबाची क्षमा मागून हे आम्ही स्पष्ट बोलत आहोत, आणि त्यांनी ते मोठ्या मनाने ऐकून घेतले आहे.

तथापि ज्यांना डॉक्टरने सांगितले आहे, किंवा जे मासे मुळीच खात नाहीत आणि स्वतःच्या समजुतीने थोडे तेल घेऊ इच्छितात, त्यांनी बाटली कशी पारखावी हा प्रश्न उरतोच. तिकडे आम्ही सविस्तर लक्ष दिले आहे, कारण फसगत होते ती येथेच.

बाटलीच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत '१००० मिलिग्रॅम' असे लिहिलेले असते. तो आकडा तेलाच्या वजनाचा आहे. दुधाच्या लोट्याचे वजन सांगून लोणी किती निघेल हे कळत नाही, तसेच हे. बाटली फिरवून मागचे बारीक अक्षर वाचावे. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असते. म्हणजे हजारांतले तीनशेच कामाचे, बाकीचे साधे माशाचे तेल. डॉक्टरने चार ग्रॅम सांगितले असतील आणि आपण ही कॅप्सूल आणली असेल, तर दिवसाला तेरा-चौदा गिळाव्या लागतील. कोणी तसे करीत नाही. दोन घेतो आणि 'औषध लागू पडत नाही' म्हणतो.

मागचा तक्ता वाचतानाही सावध असावे. पुष्कळदा तो 'दोन कॅप्सूलमागे' दिलेला असतो, क्वचित तीनमागे. 'एकूण ओमेगा-३' ह्या आकड्यावर समाधान मानू नये. ईपीए किती आणि डीएचए किती हे वेगवेगळे लिहिलेले असले पाहिजे, आणि त्या दोहोंचीच बेरीज करावी. ज्या बाटलीवर ते वेगळे लिहिलेले नाहीत ती खाली ठेवावी. 'ओमेगा ३-६-९' असा मिश्र माल तर घेऊच नये. सहा आणि नऊ आपल्या फोडणीच्या शेंगदाणा वा सूर्यफुलाच्या तेलातून रोज पोटात जातात; त्यांच्यासाठी कॅप्सूलचा दर कशाला द्यावा?

दराचा हिशेबही ह्याच बेरजेवरून करावा. समजा, एक बाटली साठ कॅप्सूलची, ४५० रुपयांची; प्रत्येकीत ईपीए-डीएचए मिळून ३०० मिलिग्रॅम. सबंध बाटलीत अठरा ग्रॅम झाले, म्हणजे ग्रॅमला पंचवीस रुपये पडले. दुसरी बाटलीही साठचीच, पण ७८० रुपयांची. प्रत्येकीत ६०० मिलिग्रॅम. बाटलीत छत्तीस ग्रॅम, आणि ग्रॅमला पावणेबावीस रुपयांहूनही कमी. महाग दिसणारी बाटली स्वस्त निघाली, शिवाय गिळावयाच्या कॅप्सूल निम्म्या. आमच्या भगिनी भाजीबाजारात जो हिशेब उभ्या उभ्या तोंडी करतात तोच हा. औषधाच्या दुकानात शिरल्यावर मात्र तो आपण का विसरतो कोण जाणे.

मात्रेनंतर ताजेपणा. हे तेल हवा, उजेड आणि उष्णता ह्यांनी फार लवकर खवट होते; आपल्या नेहमीच्या कोणत्याही गोडेतेलापेक्षा लवकर. खवटपणा मोजण्याच्या दोन रासायनिक कसोट्या आहेत. एक पेरॉक्साईडची, ती खवटपणाची सुरुवात दाखविते. दुसरी अ‍ॅनिसिडीनची, ती पुढची पायरी. पहिल्या आकड्याची दुप्पट करून त्यात दुसरा मिळविला की टोटॉक्स नावाचा आकडा येतो. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाप्रमाणे पहिला पाचाच्या, दुसरा वीसाच्या आणि टोटॉक्स सव्वीसाच्या वर जाता कामा नये. बाटलीवर हे आकडे बहुधा नसतात. पण चांगला कारखानदार त्या लॉटचे तपासणीपत्र आपल्या संकेतस्थळावर ठेवतो किंवा मागितल्यास पाठवितो. आयफॉस नावाची कॅनडातील तपासणी-योजना लॉटवार निकाल जाहीर करते. तिचे चिन्ह असल्यास ते नुसते पाहून न थांबता मुलांकडून लॉट नंबर घालून शोधून घ्यावा. जो विक्रेता तपासणीपत्र मागितल्यावर जाहिरातीचे चित्र पाठवितो, त्याचे उत्तर आपणांस मिळाले असे समजावे.

घरची कसोटीही आहे. बाटली उघडल्यावर एक कॅप्सूल सुईने टोचून तेल बोटावर घ्यावे, हुंगावे, चाखावे. ताज्या तेलाला माशाचा मंद वास येतो. जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र दर्प आला, जिभेवर कडवट चव रेंगाळली, तर ती बाटली संपविण्याचा हट्ट धरू नये. लिंबाचा किंवा संत्र्याचा स्वाद घातलेल्या मालात ही परीक्षा चालत नाही, म्हणून आम्ही तो पसंत करीत नाही. बाटली लहान घ्यावी, साठ कॅप्सूलची; तयार केल्याची तारीख शक्य तितकी अलीकडची पाहावी; उघडल्यावर ती थंड ठिकाणी, आणि मार्च-एप्रिलपासून शीतकपाटातच ठेवावी. परदेशाहून आलेली ती तीनशेची बरणी, प्रेमाने आणलेली खरी, पण एकटा माणूस ती वर्षभर उघडझाक करीत पुरवितो, आणि शेवटच्या शंभर कॅप्सूलांत काय उरले असते ते न बोललेले बरे.

मोबाईलवर दोन भलत्या परीक्षा फिरत आहेत. त्यांतली एक म्हणजे कॅप्सूल बर्फाच्या कप्प्यात ठेवावयाची आणि गोठली की 'भेसळ' म्हणावयाची. साध्या तेलात नैसर्गिकच काही घट्ट होणारी चरबी असते, ती थंडीत गढूळ होते. त्यात भेसळीचा पुरावा नाही. दुसरी परीक्षा थर्मोकोलच्या पेल्याची. काही तेल ओतल्यावर पेला विरघळतो आणि पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. त्याचे कारण असे की, तेल तीव्र करण्यासाठी त्याचे एथिल एस्टर ह्या रूपात परिवर्तन करतात आणि ते रूप थर्मोकोलला विरघळविते. ते विष नव्हे. वर सांगितलेल्या २०१८ च्या प्रयोगात ज्या औषधाने लाभ दिसला तेही एथिल एस्टरच होते. एवढे मात्र खरे की, हे रूप रिकाम्या पोटी नीट शोषले जात नाही. दुपारच्या जेवणात, भातावर तूप असेल तेव्हा घ्यावे. सकाळच्या चहाबरोबर घेतलेली कॅप्सूल पुष्कळशी वाया जाते आणि वर करपट ढेकर येतात.

पाऱ्याची भीती पुष्कळजण घालतात. पारा माशाच्या मांसाला चिकटून राहतो, तेलात फारसा उतरत नाही; तेलात येऊ शकतात ती पीसीबी व डायॉक्सिन ही द्रव्ये, आणि ती ऊर्ध्वपातनाने काढता येतात. तपासणीपत्रात त्यांचाही उल्लेख असावा.

शाकाहारी सभासदांसाठी दोन शब्द. जवस आणि अक्रोड ह्यांतही ओमेगा-३ असते, पण ते निराळ्या जातीचे. शरीर त्यातून ईपीए फार थोडे बनविते आणि डीएचए त्याहून थोडे. जवसाची चटणी जरूर खावी, परंतु ती कॅप्सूलच्या जागी धरू नये. मासा तरी हे मेदाम्ल कोठून आणतो? समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून. त्याच शेवाळाचे तेल आता कॅप्सूलमध्ये मिळते. मूल्य अधिक असते, पण मासा मध्ये येत नाही. येथे कवचाकडेही लक्ष द्यावे. पुष्कळ कॅप्सूलांचे कवच गाय, डुक्कर किंवा मासा ह्यांच्या जिलेटिनचे असते. मासे खाणाऱ्या पण इतर मांस वर्ज्य मानणाऱ्या घरांनी हे विचारूनच घ्यावे. हिरव्या वर्तुळाचे चिन्ह असलेल्या शेवाळ-तेलात हा प्रश्न येत नाही. तपकिरी त्रिकोण असेल तर कवच कशाचे ते चौकशी करून ठरवावे. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक मालावर 'औषधी उपयोगासाठी नाही' ह्या अर्थाची इंग्रजी ओळ असते, तीही वाचावी. पुढे हृदयाचे चित्र आणि मागे ही ओळ, असा मौजेचा प्रकार पुष्कळदा दिसतो.

आणि जे मासे खातात त्यांनी बाटलीचा विचार करण्याआधी बाजाराचा करावा. आंबोली आणि चोर्ला घाट चढून वेंगुर्ले व गोव्याकडची मासळी आपल्या गावी येते, ही आपल्यावर सह्याद्रीची कृपाच आहे. त्यातला बांगडा आणि तारली हे ओमेगा-३ चे खरे भांडार. पावसाळा सरल्यानंतरच्या महिन्यांत तारली अंगाने चरबट होते तेव्हा तर विशेषच. पापलेटाला मान मोठा, पण ह्या बाबतीत तो तारलीच्या मागे आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोन वेळा मासे खावेत, त्यांतही चरबट मासे खावेत, असे सांगते. आणि खोबऱ्याच्या वाटणातले बांगड्याचे तिखले हे त्या उपदेशाचे आपल्याकडचे उत्तम पालन आहे. तळण्यापेक्षा कालवण बरे, कारण माशातून सुटलेले तेल रश्शातच राहते. तारली हल्ली पूर्वीसारखी भरवशाची राहिलेली नाही. २०१२ साली केरळच्या किनाऱ्यावर ती विक्रमी मिळाली होती, आणि २०२१ साली अवघी ३,२९७ टन. मिळेल तेव्हा घ्यावी.

समितीने विश्वस्तांकडे जी शिफारस केली ती अशी. देणगीच्या रकमेतून साठी ओलांडलेल्या सभासदांच्या रक्तातील चरबीची तपासणी आणि हृदयाचा आलेख वर्षातून एकदा संस्थेच्या दवाखान्यात करून द्यावा. ज्यांना डॉक्टर ओमेगा-३ लिहून देतील त्यांना ते निम्म्या किमतीत द्यावे. वर्षाचा साठा एकदम न घेता दर दोन महिन्यांनी ताजा माल मागवावा, आणि तपासणीपत्र पाहिल्याखेरीज बिल चुकते करू नये. विश्वस्तांनी ही शिफारस मान्य केली आहे. घरात पूर्वीच आलेल्या बाटल्यांविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी त्या शनिवारी सायंकाळी दवाखान्यात आणाव्यात. येताना बाटलीबरोबर तिचे खोकेही आणावे. लॉटचा क्रमांक पुष्कळदा खोक्यावरच छापलेला असतो.